विटीदांडूची गल कुठं खणू? आणि ‘नाल’च्या पुढं काय येतं?

गावभागातला (सांगली)

मंडळी, प्रश्न दोनच आहेत, पण आधी थोडं रामायण ऐकून घ्यावं लागेल.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोब बघतो. वय 47. लहानपण गावभागात गेलं, आता विश्रामबागेत अपार्टमेंटला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पोरगा नऊ वर्षांचा. मे महिन्यात हळदीच्या सौद्यांची गर्दी ओसरली की दुपारनंतर मी जरा मोकळा असतो. म्हणून यंदा ठरवलं, ह्या पोराला विटीदांडू शिकवायचा. ओळखीच्या सुताराकडून बाभळीची विटी-दांडू करून घेतली. सुतारानं रंधा मारता मारता विचारलं, "नाटकाला पाहिजे का गॅदरिंगला?" खेळायला पाहिजे म्हटल्यावर त्यानं एकदा वर बघितलं आणि पैसे वीस रुपये कमी घेतले.

पोराला आणि बिल्डिंगमधल्या आणखी पाच जणांना घेऊन खाली गेलो. खणायला म्हणून घरातलं जुनं उलथणं घेतलं होतं. खाली उतरलो आणि उभाच राहिलो. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळे पेव्हर ब्लॉक. नारळासाठी सोडलेल्या चौकोनातसुद्धा बुंध्यापर्यंत सिमेंट. वीतभर गल, म्हणजे विटी कोलायचा खळगा, खणायला अख्ख्या आवारात जागा नाही. हातात उलथणं घेऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारणारा माणूस वरच्या गॅलऱ्यांतनं कसा दिसला असेल, विचारू नका.

शेवटी दोन अर्ध्या विटा समोरासमोर ठेवून त्यांच्यावर विटी आडवी टाकली. पोरांनी कोलून बघितलं, मजा आली त्यांना. मग टोला कसा मारायचा ते दाखवायला दांडू मी घेतला. हात विसरला नव्हता, नजर विसरली होती. विटी जी सुटली ती दुसऱ्या मजल्यावाल्यांच्या गाडीच्या आरशावर. काच तडकली. मी पैसे दिले, माफी मागितली. ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत. बोलला तो बिल्डिंगचा ग्रुप, रात्री साडेदहापासून बारापर्यंत. चार दिवसांत पाटी लागली, ‘पार्किंगमध्ये कोणताही खेळ खेळण्यास सक्त मनाई’. आता पोरगा म्हणतो, "पप्पा, तुमच्यामुळं आमचं क्रिकेटपण बंद झालं." खरंय त्याचं. त्याला काय उत्तर देणार?

सगळे मोबाईलला शिव्या घालतात. मीही घालायचो. म्हणून आठ दिवस मोबाईल कपाटात ठेवून बघितला. पोरगा हॉलच्या भिंतीवर चेंडू टप्प टप्प आपटत बसला. नवव्या दिवशी खालचे काका वर आले, म्हणाले दुपारची झोप होत नाही. मोबाईल परत दिला.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आमचा गावभागातला बोळ मातीचा होता. बोटावर मोजून बघितलं, आमचा एक खेळ मातीशिवाय होत नव्हता. विटीदांडूला गल मातीत. गोट्यांना बद मातीत. लंगडीचं रिंगण काठीनं ओढायचं ते मातीवर. भोवरा मातीवर कसा झोपायचा! पेव्हर ब्लॉकच्या सांधीत त्याची आरी अडकते आणि तो लाथ मारल्यासारखा उडतो, तेही करून बघितलं. पावसाळ्यात तर सळई चिखलात खुपसत खुपसत जायचो, पडली की डाव गेला, आणि हरलेल्यानं तिथपासून लंगडी घालत परत यायचं. सांगलीची काळी माती, चपलेला दोन-दोन किलोचा चिखल. घरात शिरण्याआधी आई मोरीवर उभं करून तांब्यानं पाय धुवायची.

मी कॉलेजात असताना बोळ काँक्रीटचा झाला. नारळ फोडला होता, पेढे वाटले होते. वाटणाऱ्यांत मी होतो.

वडील (79) हे सगळं ऐकून म्हणाले, "तुम्ही तरी काय खेळलात? बोळात किडे मारले. आम्ही नदीत होतो." ते तर वेगळंच प्रकरण आहे.

तर प्रश्न. एक, विटी लांब गेली की दांडूनं मोजत यायचं ते ‘वकट, लेंड, मुंड, नाल...’ आणि पुढं? मला इथंच अडकायला होतंय आणि पोरांसमोर इज्जत जाते. दोन, विश्रामबाग, शंभर फुटी, कुपवाड रोड ह्या भागात उघडी माती कुठं शिल्लक आहे? क्लासची, फीची, युनिफॉर्मची जागा नको. नुसती माती.

चिमणपुऱ्यातला (सातारा)

वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद, झकू. घ्या. सातवर संपतं, मग परत वकट.

पण नुसतं मोजायला नव्हतं ते. मोजताना शेवटचा दांडू ज्या शब्दावर येईल, पुढचा टोला त्या तऱ्हेनं मारायचा. आमच्या पेठेत वकट म्हणजे विटी पायाच्या पंजावर ठेवून उडवायची, मुंड म्हणजे मुठीवरून, आर म्हणजे मान मागं टाकून डोळ्यावर ठेवून. शेजारच्या पेठेत क्रम वेगळा, त्यावरून डोकी फुटायची. तुमच्या गावभागात काय होतं ते तुमच्या वडिलांना विचारा. नदीत होते म्हणतात, पण उन्हाळ्यात काही दिवस तरी जमिनीवर आले असतीलच.

आता गंमत ऐका. मी एसटीतून निवृत्त, वय 72. जन्मभर वाटायचं ही पोरांची बडबड आहे, अडगुलं-मडगुलं सारखी. माझी सून सोलापूरची, माहेर तेलुगू बोलणारं. एकदा नातवाला मी हे शिकवत होतो तर ती स्वयंपाकघरातनं हसत बाहेर आली. म्हणाली, "मामंजी, तुम्ही तेलुगूत आकडे मोजताय." ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार! पुढं जरा घसरगुंडी आहे. ‘आरु’ म्हणजे तिच्यात सहा, आमच्यात तो पाचव्या जागेवर. ‘वेद’ हा तिच्या ‘ऐदु’चा पाच की ‘एडु’चा सात, ह्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. झकू मात्र तिलाही लागला नाही. साताऱ्याच्या पेठेतली पोरं अजिंक्यताऱ्याखाली तेलुगू मोजत होती आणि एकालाही पत्ता नाही.

एक मात्र सांगतो, कारण तुम्ही आरशावर निभावलात. आमच्या आळीत 1964-65 च्या सुमाराला एकाचा डोळा गेला विटीनं. माझ्या बरोबरीचाच होता. तो पुढं टेलर झाला, एका डोळ्यानं सुईत दोरा ओवायचा. खेळ कुणी बंद केला नाही, पण त्याची आई दिसली की आम्ही दांडू पाठीमागं धरायचो. तेव्हा टोला मारणाऱ्याच्या अगदी समोर पोरांना उभं करू नका, बाजूनं पसरवा. आणि कोलणाऱ्याच्या जवळ कच्चं लिंबू बिलकूल नको.

टर्फवर

काका, शंभर फुटीकडं टर्फ आहेत की. आम्ही बारा जण पैसे काढून रात्री नऊचा स्लॉट घेतो. माती नाय, पण गुडघे फुटत नाहीत 😄

हरिपूरचा

गावभागातले, तुमच्या वडिलांच्या वतीनं मी बोलतो. मी 58 वर्षांचा, म्हणजे तुमच्या आणि त्यांच्या मधला. मी नदीतही होतो आणि नदी सुटलेलीही बघितली.

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. आमच्यात पोहायला शिकवायचे म्हणजे काय, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि चुलत्यानं ढकलायचं. पांगारा हलका, बुडत नाही. ढकलल्यावर नाकातोंडात पाणी जायचं, चुलता काठावर तंबाखू मळत उभा. चार-आठ दिवसांत बिंडा सैल बांधायचे, मग एक दिवस बांधायचाच विसरले असं दाखवायचे. मोठी पोरं आयर्विन पुलावरनं पुराच्या पाण्यात मुटका मारायची. हा पूल 1929 चा. त्यावरनं उडी मारली की गडी मोठा झाला असं धरायचे. मी एकदाच मारली. घरी कळलं तेव्हा वडिलांनी बैलाच्या चाबकानं स्वागत केलं.

आता माझी नात अकरा वर्षांची आहे. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर. तिचा पाय नदीच्या पाण्याला लागलेला नाही. का, तर मगरी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज करत त्या खाली सरकल्या, आता काठाला ‘सावधान’चे फलक आहेत. माणसं गेली आहेत, गंमत नाही. शिवाय पाण्याचा वास. शिवाय वाळू उपसून पात्रात डोह कुठं झालाय ते मलाच सांगता येत नाही, तर पोरीला काय सांगू? ती विश्रामबागेत टँकला जाते, टोपी-गॉगल घालून. माझ्यापेक्षा सरळ पोहते, खरं सांगायचं तर. मला अजून श्वास बाजूनं घेता येत नाही, मी मुंडी वर काढून म्हशीसारखा पोहतो.

तुम्ही हळदीच्या धंद्यातले, म्हणून एक मातीचीच गोष्ट. हरिपूरची पेवं तुम्ही ऐकली असतील. जमिनीत खोल खणलेली, आत वर्षानुवर्षं हळद राहायची. त्या रानात आम्हाला लपाछपी खेळायला सक्त बंदी होती. रिकाम्या पेवाचं तोंड उघडं असलं तरी आत हवा कोंडलेली असते, उतरला की माणूस गुदमरतो. म्हणजे बंदीची पाटी आम्हालाही होती, फक्त ती लिहिलेली नव्हती. आजीच्या तोंडी होती. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि तो विषयच संपत आला. 2019 ला तर आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. आमच्या गल्लीत पोरांनी दहा दिवस खेळ म्हणून काय बघितलं असेल तर होड्या.

माती कुठं ते मात्र मला सांगता येणार नाही. आमच्याकडं या, हवी तेवढी आहे.

सावळजची

दादा, सगळ्यांचं वाचलं. छान लिहिलंय, राग मानू नका, पण ह्या बोळात, पेठेत, नदीत पोरी कुठं होत्या?

मी तासगाव तालुक्यातली, वय 52. आमच्या घरासमोर माती म्हणाल तर चारी बाजूला माती. खेळायला मिळायचं किती? शाळेतनं आलं की विहिरीचं पाणी शेंदायचं, मग भाकरीला हातभार, आणि धाकटा भाऊ कायम कडेवर. मी लंगडी त्याला कडेवर घेऊन घातली आहे. एका पायावर मी, कमरेला तो, आणि तो हसायचा म्हणून माझा तोल जायचा. सगळ्या म्हणायच्या, हिला दोन माणसं आहेत, हिला बाद करा. सागरगोटे तेवढे माझे. ते बसून खेळता येतात, भाऊ मांडीवर झोपला तरी चालतं आणि आईची हाक आली की ओच्यात टाकून पळता येतं. खरे सागरगोटे नव्हतेच, ओढ्यातले पाच खडे गोल बघून आणलेले. घासून घासून ते काचेसारखे झाले होते. लग्नात सासरी नेले मी. सासूबाईंनी एकदा बघितले, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच खेळायला बसल्या. चार-चार एकदम उचलायच्या!

मनसोक्त म्हणावं तर पंचमीचे दिवस. झोका बांधला की कुणी हाक मारायचं नाही.

आता माझी पुतणी तालमीत जाते. पहाटे पाचला उठून. हिच्या वयात पोरींनी कुस्तीच्या आखाड्याकडं बघायचंसुद्धा नाही असं होतं आमच्यात. मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे उभे होते, माझा भाऊ सुद्धा. तोच कडेवरचा. तो आता पोरीला मोटरसायकलवरनं सोडायला जातो. ती गादीवर खेळते दादा, मातीवर नाही. मला तर काही वाईट वाटत नाही.

शिट्टी (कराड)

सावळजच्या ताईंना दुजोरा. मी 31 वर्षं पीटी शिकवलं. मातीचं फार कौतुक करू नका. आमच्या इथले गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतलेच, पण 1948 ला लंडनला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, सहावे आले. पुढची चार वर्षं गादीचं तंत्र अंगी आणलं आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य घेतलं.

आता कामाचं. गावभागातले, नुसती माती शोधत फिरू नका, कागद शोधा. मोठा लेआउट मंजूर होताना 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. नकाशात तिला ओपन स्पेस म्हणतात. तुमच्या भागात असे तुकडे असणारच. कुठं देऊळ झालं असेल, कुठं जिमची यंत्रं, कुठं नुसतं गवत. गवत असलेला बघा. नगररचना विभागात नकाशा बघायला मिळतो, नाहीतर तुमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या बंगलेवाल्याला विचारा, त्याला तोंडपाठ असतो. आणि पहिल्याच दिवशी दहा मुलांची रांग लावून ‘चला आता आपण खेळूया’ करू नका. मी तेच करत आलो, पगार त्याचाच होता. शिट्टी वाजली की पोरं खेळत नाहीत, सांगितलेलं करतात.

गावभागातला (सांगली)

मंडळी, दोन आठवड्यांनी येतोय. यार्डात वर्षअखेरीचे जुने घोळ निस्तरत होतो.

चिमणपुऱ्यातले आजोबा, वकट ते झकू पाठ झालं. वडिलांना विचारलं, त्यांनी झकूच्या आधी ‘बेल’ असा एक शब्द घुसडला आणि तोच बरोबर म्हणून अडून बसले आहेत.

शिट्टी सर, तुमचं ऐकून कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजींना विचारलं. त्यांनी जागेवरनं न हलता हात लांब केला, "ते काय, त्या पिवळ्या भिंतीमागं." आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या. अकरा वर्षं मी तिथनं गाडीवर जातोय. आत कमरेइतकं गाजर गवत, मागच्या वर्षीच्या मांडवाचे चार वासे आणि एक कुत्री, पाच पिलांसकट. फाटकाला कुलूप नाही, नुसती तार.

रविवारी साफ करायला चला म्हणून ग्रुपवर टाकलं. बावीस अंगठे आले, माणूस एक आला. तोच, आरशावाला. त्याचं गाव पलूसकडं, विळा त्यानंच आणला होता. दोघांनी मिळून दहा-बारा हात लांबीचा पट्टा मोकळा केला, कुत्रीचा कोपरा सोडून. मग गल. मे महिन्यातली काळी माती म्हणजे दगड. उलथण्याची दांडी वाकली. आमच्या वॉचमनकडं कुदळ मागितली तर तो स्वतःच घेऊन आला, आणि मी आखलेली रेघ बघून म्हणाला, "साहेब, उभी का? आडवी घ्या की." चार घाव घातले त्यानं, ठिणगी उडाली, बास म्हणाला, पावसाची वाट बघू. परवा वळीव पडला. काल सकाळी तिथनंच कुदळ लोण्यासारखी गेली.

वॉचमन जत तालुक्यातला. त्याची दोन पोरं त्याच्या मागं उभी होती, आठ आणि अकरा वर्षांची. आमच्याच आवारात, टाकीमागच्या खोलीत राहतात. पहिल्या दिवशी मी ‘बिल्डिंगमधली सगळी पोरं’ गोळा केली, त्यात ही दोघं नव्हती. मी बोलावलीच नव्हती. थोरला विटीला ‘चिन्नी’ म्हणतो, खेळाला चिन्नीदांडू. त्याचा पहिला टोला पिवळ्या भिंतीवरनं पलीकडं गेला. नंतरचा तासभर त्यानं आमच्या सहाही जणांना असं पिदवलं की माझा पोरगा रात्री भात मागून मागून जेवला आणि नऊला झोपला.

सावळजच्या ताई, पोरी दोनच आल्या. एकीला टोला जमला. दुसरी म्हणाली ती फक्त मोजणार, आणि मोजते खणखणीत, वकट लेंड करत. तिच्या मापात कुणी एक दांडूची चोरी करू शकत नाही.

आता तातडीचा प्रश्न. विटी थेट झेलली तर गडी बाद, हे सगळ्यांना मान्य. पण एक टप्पा पडून एका हातानं झेलली तर? जतवाला म्हणतो बाद. आरशावाल्यांचा मुलगा म्हणतो क्रिकेटमध्ये असं नसतं. काल ह्यावरून खेळ मोडला आणि दोघं आज बोलत नाहीत. संध्याकाळी सहाच्या आत कुणीतरी सांगा.

चिमणपुऱ्यातला (सातारा)

बाद. एक टप्पा, एक हात, तोही डावा.

सावळजची

डावा कुठला आला? आमच्यात टप्पा पडला की नाबाद.

हरिपूरचा

वडलांना विचारा.

गावभागातला (सांगली)

विचारलं. म्हणाले, आम्ही नदीत होतो.